धस्स झालं तरी हात नाडीकडे नको

मिरज,
रविवार

चि. ओंकार,

तुझ्या आईने काल तुझे रिपोर्ट पाठवले आणि पाठोपाठ फोन केला. रात्री दीड वाजता तू तिला उठवून ‘माझी नाडी बघ’ म्हणालास, या महिन्यात चौथ्यांदा. सांगताना तिचा आवाज रडवेला झाला होता. रिपोर्ट मी दोनदा वाचले. कार्डिओग्राम, टूडी इको, थायरॉइड, हिमोग्लोबिन, सगळं ठीक आहे. दिवसरात्र ठोके नोंदवणाऱ्या होल्टरमध्ये 24 तासांत 1 लाख 4 हजार ठोके, त्यातले 212 जादा. म्हणजे साधारण पाचशेत एक. खाली डॉक्टरांनी स्पष्ट लिहिलंय की हृदय निरोगी आहे, औषधाची गरज नाही. ते तू वाचलंस, पण तुला पटलं नाही. म्हणून हे पत्र.

माझी 29 वर्षं कार्डिओग्रामच्या खोलीत गेली. जेली लावायची, छातीवर रबरी फुगे बसवायचे, हातापायांना चिमटे लावायचे आणि मशीन चालू करायचं. गुलाबी चौकटींचा कागद सेकंदाला 25 मिलिमीटर या वेगाने बाहेर येतो. ‘ठोका चुकतो’ म्हणून आलेल्या माणसाची पट्टी हाती आली की मी कागदाचा एक कपटा तिच्या कडेला धरायची आणि पेन्सिलीने खुणा करायची. एक ठोका, दुसरा, तिसरा, सारख्या अंतरावर. मग मधेच एक घाईघाईने आलेला, वेगळ्याच आकाराचा. त्याच्यापुढे मोकळी जागा. पण त्या घाईच्या ठोक्याच्या आधीच्या ठोक्यापासून नंतरच्या ठोक्यापर्यंत कपटा सरकवला की बहुतेक वेळा बरोबर दोन ठोक्यांचं अंतर भरायचं.

ओंकार, हे नीट समजून घे. ठोका चुकलेला नसतो, तो लवकर येऊन गेलेला असतो. लवकर आल्यामुळे तोवर हृदय पुरतं भरलेलं नसतं, म्हणून बरेचदा तो मनगटाला लागतही नाही. पुढच्या थांब्यात रक्त जास्त भरतं आणि त्यानंतरचा ठोका जोरात पडतो. तुला छातीत धस्स होतं ते हेच. हृदय बंद पडतंय असं तुला वाटतं, त्या क्षणी ते नेहमीपेक्षा जास्त रक्त पुढे ढकलत असतं. धडधाकट माणसांना 24 तास होल्टर लावला तर बहुतेकांच्या कागदावर असे जादा ठोके सापडतात. त्यांना ते कळत नाहीत आणि तुला कळतात, एवढाच फरक.

तुझी भीती कुठून सुरू झाली तेही आईने सांगितलं. तुमच्या ऑफिसातला 36 वर्षांचा मुलगा हार्ट अटॅकने गेला, त्याच आठवड्यात तुला पहिल्यांदा हे जाणवलं. त्या मुलाचं फार वाईट झालं. पण अटॅक येतो तो हृदयाला रक्त पुरवणारी नळी तुंबल्यामुळे. तुझ्या जादा ठोक्यांचा त्या तुंबण्याशी संबंध नाही.

आता माझी गोष्ट. ही तुझ्या आईलासुद्धा ठाऊक नाही. तुझे काका गेले त्या वर्षी मलाही असंच सुरू झालं. रात्रपाळीला खोलीत एकटी असायची. धस्स झालं की दार लावून स्वतःलाच चिमटे लावायची आणि पट्टी काढायची. एका आठवड्यात अशा सात पट्ट्या काढल्या. सातही चांगल्या होत्या, आणि प्रत्येकीनंतरचं समाधान आधीच्यापेक्षा लवकर संपत होतं. पहिली पट्टी दोन दिवस पुरली, सातवी अर्धा तास. मी दुसऱ्यांना दिवसभर ‘घाबरू नका’ सांगत होते आणि मलाच ते पटत नव्हतं. आमच्या वरिष्ठ सिस्टरांनी त्या पट्ट्या माझ्या हातातून काढून घेतल्या आणि एवढंच म्हणाल्या, ‘सुमन, आता तपासणं हाच तुझा आजार झालाय.’

तुझंही तेच चाललंय. आपण घाबरलो की अंगात अॅड्रिनलिन सुटतं, त्याने ठोके जोरात आणि भरभर पडतात, जादा ठोकेही वाढतात, मग आपण आणखी घाबरतो. हात नाडीवर गेला की शरीराला वाटतं, धोका आहे. म्हणून माझी पहिली अट, मनगटावरचं ते ठोके मोजणारं घड्याळ रात्री काढून दुसऱ्या खोलीत ठेव. नाडी मोजायची नाही. आईला उठवायचं नाही. धस्स झालं की ‘आला जादा ठोका’ एवढं मनात म्हण आणि हातातलं काम चालू ठेव. भाजी चिरत असशील तर चिरत राहा. पहिले आठ-दहा दिवस हे फार जड जाईल, मला गेलं होतं. डाव्या कुशीवर ठोके जास्त जाणवतात, तेव्हा कूस बदल. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लाव. रात्रीच्या शिफ्टला चार-चार कॉफी पितोस ती बंद कर, आणि झोप पुरी घे. चालणं मात्र सोडू नकोस. घाबरून तू जिना चढणं बंद केलंस, हे मला सगळ्यात जास्त लागलं.

डॉक्टरकडे कधी धावायचं तेही सांगते. चक्कर येऊन शुद्ध गेली, छातीत दाब आला, धाप लागली, पळताना एकाएकी अनियमित धडधड सुरू झाली, किंवा नाडी एकाएकी खूप वेगाने धावू लागली आणि थांबेचना, तर वाट बघायची नाही, 108 ला फोन करायचा. यातलं तुला आजवर एकही झालेलं नाही, मी आईला खोदून खोदून विचारलं.

आणि महिनाभरात भीती हटली नाही, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. विचार आणि सवय बदलण्याच्या बोलण्यातल्या उपचाराने या भीतीला खरंच उतार पडतो. त्यात कमीपणा काही नाही. रात्री फारच जीव घाबरा झाला तर सरकारची टेलिमानस सेवा आहे, 14416. फुकट आहे, रात्रीही चालू असते आणि मराठीत बोलता येतं. तुझ्या काकांच्या वेळी असा नंबर असता तर मी नक्की फिरवला असता.

गणपतीला चार दिवस ये. होल्टरचा कागद बरोबर आण. कपटा आणि पेन्सिल मी काढून ठेवली आहे, खुणा तू स्वतःच्या हाताने कर.

तुझी,
सुमनमावशी