पहिली नोकरी आणि चुकलेला 'पॅन'

म्हैसूर येथील इन्फोसिसच्या प्रशिक्षण संकुलात असंख्य पदवीधरांची पहिली नोकरी सुरू होते. वेतनातून कापलेला कर कोणाचा, हे दहा स्थानांच्या 'पॅन'वरून ठरते. कोणत्याही नियोक्त्याच्या त्रैमासिक टीडीएस विवरणपत्रात त्यातील एक अंक जरी चुकला, तरी तो कर कर्मचाऱ्याच्या नावे दिसत नाही, परतावा अडतो. ही चूक कर्मचाऱ्याला स्वतः दुरुस्त करता येत नाही. सुधारित विवरणपत्र नियोक्त्यानेच भरावे लागते. वेतनपावत्या म्हणूनच जपाव्यात. परीक्षार्थी बहुधा वेतनावरील करकपातीचे कलम 192 तेवढे पाठ करतात. 2025-26 पर्यंतच्या वेतनास लागू असलेल्या 1961 च्या आयकर कायद्यातील कलम 205 अधिक मोलाचे आहे : कर कापला गेला असेल, तर तेवढ्या रकमेची मागणी पुन्हा कर्मचाऱ्याकडे करता येत नाही.