डोळ्यांना बोल लावू नकोस

सोने, परवा फोनवर म्हणालीस, "ताई, लिनक्स टाकल्यापासून अक्षरं धुरकट दिसतात, संध्याकाळी डोकं ठणकतं. परत जुनी विंडोज टाकून घेऊ का?" तेव्हा घाईत नीट बोलता आलं नाही, म्हणून आता सविस्तर सांगते.

परत जाऊ नकोस. तुझ्या त्या विंडोज १० ला मिळणारी सुरक्षेची नेहमीची अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. तुझ्या दुकानात चिकोडीपासून निपाणी-सदलग्यापर्यंतची माणसं आधार कार्ड आणि पासबुक घेऊन विश्वासानं येतात. त्यांची कामं असुरक्षित संगणकावर करणं बरं नव्हे. तू घेतलेला निर्णय बरोबर आहे. अक्षरांचं दुखणं मात्र आहेच, आणि ते बरं होणारं आहे.

पहिल्यांदा दोष कुठं आहे ते ओळख. स्क्रीनशॉट काढ आणि स्वतःच्या मोबाईलवर पाठव. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठव, नाहीतर तिथंच तो दबून खराब होतो. मोबाईलवर अक्षरं स्वच्छ दिसली, तर गडबड पडद्यात, केबलमध्ये किंवा स्केलिंगमध्ये आहे. तिथंही धुरकट दिसली, तर फाँटच्या सेटिंगमध्ये आहे. एवढ्यानं निम्मं काम हलकं होतं.

पडद्याकडे बोट गेलं, तर डिस्प्ले सेटिंगमध्ये रिझोल्यूशन बघ. साडेअठरा इंची जुन्या मॉनिटरला बहुधा १३६६ बाय ७६८ लागतं. निळ्या टोकाची जुनी व्हीजीए केबल असली की कधीकधी संगणकाला मॉनिटरची ओळखच पटत नाही, मग तो १०२४ बाय ७६८ लावून बसतो आणि चित्र ताणलं जातं. मॉनिटरचं स्वतःचं रिझोल्यूशन निवड, मग त्याच्यावरचं 'ऑटो' बटण एकदा दाब. एचडीएमआयची सोय असेल तर केबलच बदल.

त्यानंतर स्केलिंग. अक्षरं बारीक वाटली की आपण पटकन १२५ टक्के करतो. तुझ्या लिनक्स मिंटवर त्या वेळी सगळं चित्र आधी मोठं काढून मग दाबून बसवलं जातं, आणि अक्षरांच्या कडा पडद्याच्या ठिपक्यांवर नेमक्या बसत नाहीत. स्केल १०० टक्क्यांवरच ठेव. 'फाँट सिलेक्शन'मध्ये 'टेक्स्ट स्केलिंग फॅक्टर' आहे, तो १.१ किंवा १.२ कर. अक्षरं तेवढी मोठी होतात आणि कडाही शाबूत राहतात.

त्याच खिडकीत 'हिंटिंग' आहे, आणि आपल्या लिपीसाठी तेच फार महत्त्वाचं. 'चिकोडी' हा शब्द लिही, स्क्रीनशॉट काढ आणि खूप मोठा करून शिरोरेघ बघ. कधी ती ठिपक्यांच्या एकाच ओळीत गडद उमटते, कधी दोन ओळींच्या मधे अडकून दोन्हीकडे राखाडी सांडते. सगळा मजकूर पुसट वाटतो तो त्या राखाडीमुळं. हिंटिंग 'स्लाइट' ठेवलंस तर आडव्या रेघा ठिपक्यांच्या ओळीला धरून बसतात आणि अक्षरांची रुंदी बिघडत नाही. कन्नड अक्षराखाली बसणारी ओत्तक्षरंही मग सुटी वाचता येतात. कडा गुळगुळीत करणारं 'अँटीअलायझिंग' 'आरजीबीए'वर असू दे. कडांना लाल-निळी झाक दिसली तर 'ग्रेस्केल' कर. एका वेळी एकच गोष्ट बदल, लॉगआउट करून परत ये, मग ठरव. चार गोष्टी एकदम हलवल्यास तर गुण कशाचा आला ते कळत नाही.

आता फाँट. लिनक्सवर मराठीसाठी बरीच वर्षं 'लोहित' चालत आला. तो मुळात पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकनं घडवला आणि पुढं रेड हॅटच्या पुण्यातल्या मंडळींनी सांभाळला. आपल्या भाषेवर त्यांचे उपकार आहेत. पण लोहितमध्ये एकच वजन आहे, खरा ठळक नाही. लग्नपत्रिकेतलं नाव ठळक केलंस की संगणक साध्याच अक्षराला फुगवतो, आणि 'श्री'ची पोटं बुजून जातात. म्हणून मराठीला 'नोटो सान्स देवनागरी' किंवा मुंबईच्या एक टाइपचा 'मुक्ता' घे. मुक्तात सात वजनं आहेत. कन्नडला 'नोटो सान्स कन्नड' घे. सगळे फुकट आणि मुक्त परवान्याचे आहेत, मनात किंतु न ठेवता वापर.

लिब्रेऑफिसमध्ये देवनागरी आणि कन्नड दोन्ही 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट'च्या एकाच खात्यात मोडतात. दोन्ही भाषांची जाहिरात करताना प्रत्येक परिच्छेदाला त्याचा फाँट आणि भाषा वेगवेगळी लाव. मराठी परिच्छेदाला 'मराठी' भाषा दिलीस, की ज्या फाँटमध्ये सोय आहे त्यात ल आणि श आपल्या वळणाचे येतात.

एक गल्लत करू नकोस. 'नुडी' किंवा 'श्रीलिपी'च्या जुन्या फाँटांतली फाइल उघडल्यावर इंग्रजी चिन्हांचा चिवडा दिसला, तर तो धुरकटपणा नव्हे. तो मजकूर युनिकोडमध्ये नाही, तो बदलून घ्यावा लागतो. त्यासाठी हिंटिंगशी खेळत बसू नकोस.

बाळा, सरकारी 'सेवा सिंधू' पोर्टलचे अर्ज कन्नडमध्ये भरायचे आणि पत्रिका मराठीत जुळवायच्या, दिवसभर दोन लिप्यांत डोळे घालायचे, हे सोपं काम नाही. गिऱ्हाइकाच्या नावातला एक काना किंवा एक अनुस्वार नजरेतून सुटला तर त्याला पुन्हा हेलपाटा पडतो. म्हणून स्वच्छ अक्षर ही तुझी चैन नाही, कामाची गरज आहे. उद्या दुकान उघडल्यावर पहिलं गिऱ्हाईक यायच्या आधी तो स्क्रीनशॉट काढ आणि एकेक पायरी करत जा. आणि हे सगळं नीट करूनही डोकं दुखायचं थांबलं नाही, तर अंगावर काढू नकोस, सरळ डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.