संस्थेच्या टपाल-सर्व्हरवर सामाईक दिनदर्शिका व पत्तेवही

महसूल खात्यांत आमची हयात गेली. तेथें पहिल्याच दिवशीं शिकविलें जात असे कीं, दप्तर हें कारकुनाचें नसून कचेरीचें असतें. कारकून बदलला तरी चार्ज-यादीवर सही होऊन दप्तर जागच्या जागीं राहतें. संगणक आल्यावर मात्र आम्ही हा नियम विसरलों व त्याचें फळ आमच्या संस्थेस गेल्या रब्बींत भोगावें लागलें. कालव्याच्या पाण्याची पाळी मंगळवारची शुक्रवारवर गेली. चिटणिसांनीं ती आपल्या मोबाइलांत दुरुस्त केली; परंतु सभासदांजवळ ई-मेलनें पूर्वीं गेलेली जुनीच दिनदर्शिका होती. दोघां सभासदांनीं मंगळवारीं मजूर लावले. ती मजुरी फुकट गेली, व शुक्रवारीं मजूर न मिळाल्यानें एकाचा ओंबीवर आलेला गहूं पाण्यावांचून राहिला.

दोष कोठें होता? दिनदर्शिकेची फाइल ई-मेलनें पाठविणें म्हणजे सात-बाराची नक्कल देणें होय. पुढें मूळ नोंदींत फेरफार झाला तरी दिलेली नक्कल बदलत नाहीं. म्हणून मूळ नोंद सर्व्हरवर एके ठिकाणीं ठेवून प्रत्येकानें आपापल्या यंत्रावर तीच पाहावी, हाच खरा उपाय.

येथें पुष्कळांचा एक गैरसमज होतो. आयमॅप नांवाची जी रीत आहे ती केवळ टपाल आणते. दिनदर्शिका व पत्ते आणीत नाहीं. दिनदर्शिकेकरितां कॅलडॅव्ह (२००७) व पत्त्यांकरितां कार्डडॅव्ह (२०११) अशा निराळ्या रीती ठरलेल्या आहेत. सोगो, झिंब्रा यांसारख्या टपाल-व्यवस्थांत दोहोंची सोय आहे. आयफोनांत हीं खातीं जोडण्याची सोय मुळांतच असते. अँड्रॉइड मोबाइलवर डॅव्हएक्स-फाइव्हसारखें ॲप घ्यावें लागतें. संगणकावर थंडरबर्ड चालतो.

मांडणी पुढीलप्रमाणें करावी:

(१) सर्व्हरवर संस्थेच्या नांवें एक खातें उघडून दिनदर्शिका व पत्तेवही त्यांतच तयार करावी. चिटणिसांच्या खाजगी खात्यांत ठेवल्यास, ते गेले व खातें पुसलें कीं सर्व नोंदी जातात.

(२) प्रत्येक सभासदास स्वतंत्र खातें द्यावें; परवलीचा एकच शब्द सर्वांत वाटूं नये. वाचण्याचा अधिकार सर्वांस, लिहिण्याचा फक्त दोघांस असावा. तलाठी फेरफार लिहितो व मंडळ अधिकारी तो प्रमाणित करितो, तसें एकानें लिहावें व दुसऱ्यानें तपासावें.

(३) पाणी-पाळी, औजारें व सभा यांच्या दिनदर्शिका वेगळ्या ठेवाव्या, म्हणजे ज्यास जी हवी ती त्यानें पाहावी.

(४) सर्व्हरवर भारतीय प्रमाणवेळ नेमावी. ती जागतिक वेळेच्या साडेपांच तास पुढें आहे. जागतिक वेळ धरून सकाळीं ६ ची नोंद केली, तर मोबाइलवर ती ११-३० ची दिसेल.

(५) पत्तेवहींत एका मनुष्याची एकच नोंद असावी. दूरध्वनीचा अंक बदलल्यास नवी न करितां तीच दुरुस्त करावी.

(६) अधिकार असलेल्यानें चुकून नोंद पुसली तर ती सर्वांच्याच यंत्रांवरून जाते. याकरितां महिन्यांतून एकदां दोहोंची प्रत काढून सर्व्हरबाहेर ठेवावी.

काम झाल्यावर परीक्षा घ्यावी. एका मोबाइलवर नोंद करून ती दुसऱ्यावर दिसते काय तें पाहावें. मग केवळ वाचण्याचा अधिकार असलेल्या खात्यांतून लिहून पाहावें. तें नाकारलें गेलें पाहिजे.

एक इशारा देऊन पुरें करितों. मोबाइल ठराविक वेळानें सर्व्हरकडे विचारणा करितो. मध्यें इंटरनेट नसेल तर जुनीच नोंद दिसत राहते. म्हणून पाळी आदल्या दिवशीं बदलली तर प्रत्येकास दूरध्वनि करावाच, व ज्यांजवळ असा मोबाइल नाहीं त्यांच्याकरितां कचेरीच्या फळ्यावरही लिहावें. दिनदर्शिका सर्वांची झाली तरी निरोप पोंचविण्याची जबाबदारी चिटणिसांचीच राहते.