गोव्याचं मतदान वर्गात ठेव

चि. बाय हिस,


मालवणच्या बाजारातून परवा एक बातमी कानावर आली, तेव्हापासून तुझ्या मामाच्या जिवाला चैन नाही. सातवीच्या वर्गात तू अर्धी मुलं रशिया केलीस, अर्धी अमेरिका. वाद मधल्या सुट्टीपर्यंत गेला आणि एका पोराला ‘शत्रू’ म्हणून कोणी डबा खायला जवळ घेईना. खरं काय गो? त्या पोराचा बाप बोटीवर आहे. तिथे कॅप्टन युक्रेनचा, चीफ इंजिनिअर रशियाचा, आणि जेवायला सगळे एकाच मेसमध्ये. बापाचा फोन आला की पोर त्याला काय सांगणार?

महासत्तांचं वैर शिकवू नये, असं मामा म्हणत नाही. शिकवायलाच हवं. पण त्यासाठी मुलांची भांडणं कशाला लावायची? तेरेखोलच्या पलीकडचा गोवा आहे की!

1955 सालचंच घे. 15 ऑगस्टला बांद्याजवळ पत्रादेवीच्या हद्दीवर निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. त्याच वर्षाच्या शेवटी रशियाचे नेते बुल्गानिन आणि ख्रुश्चेव्ह भारतात आले आणि गोवा भारताचाच, असं जाहीरपणे म्हणाले. त्यांचा दौरा संपला नव्हता, तोवर 2 डिसेंबरला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगालच्या मंत्र्याबरोबर निवेदन काढलं. त्यात गोवा पोर्तुगालचा ‘प्रांत’ ठरला. अमेरिका स्वतः वसाहतीतून सुटलेली, पण पोर्तुगाल ‘नाटो’त तिच्या बाजूला बसलेला आणि अझोर्स बेटांवर तिचा तळ.

मग 18 डिसेंबर 1961. आपलं सैन्य गोव्यात शिरलं आणि न्यूयॉर्कला सुरक्षा परिषद बसली. युद्ध थांबवा, भारताने मागे जावं, असा ठराव आला. बाजूने सात मतं: अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, तुर्कस्तान, चिली, इक्वेडोर आणि तैवानचं चीन सरकार. विरोधात चार: रशिया, सिलोन, लायबेरिया आणि इजिप्तचं संयुक्त अरब प्रजासत्ताक. रशियाने नकाराधिकार वापरला, ठराव पडला. 19 तारखेला पोर्तुगीज गव्हर्नरने शरणागती पत्करली.

ही अकरा नावं फळ्यावर लिही आणि विचार, एवढासा लायबेरिया आपल्या बाजूने का उभा राहिला? मुलं नकाशा उघडतील. मग हेही सांग, की गोव्याच्या वेळी वसाहतवादाविरुद्ध बोलणाऱ्या रशियाने 1956 साली हंगेरीत रणगाडे घातले होते. रशिया आणि अमेरिका, दोघांनीही आपापला हिशोब पाहिला. आपल्याला त्यातला एक हिशोब उपयोगी पडला.

पण त्या पोराचं काय? मामाचं मन फिरून तिथेच येतं.

मामाच्या लहानपणी दोन्ही देश शाळेत एकत्रच नांदायचे. अमेरिकेची दूधभुकटी कढईत ढवळली जायची. गुठळ्या राहायच्या, तरी पोरं रांग सोडत नसत. आणि गुळगुळीत कागदावरची, रंगीत चित्रांची रशियन पुस्तकं मराठीतून यायची, चार-आठ आण्यांत. दोन्ही देश एकमेकांवर अणुबॉम्ब रोखून बसलेत, हे कोणी सांगितलं नाही. गोव्याच्या सत्याग्रहाला जाऊन आलेली माणसं तेव्हा आपल्या भागात होती. मामा रोज त्यांना वाटेत भेटायचा, नमस्कार करायचा आणि पुढे जायचा. एकदाही जवळ बसून विचारलं नाही, की त्या दिवशी काय पाहिलंत. आता विचारायला कोणी उरलं नाही. ही रुखरुख जात नाही गो.

आणि हे सगळं जुनं म्हणून सोडायचं नाही. 2025 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारताच्या मालावर पन्नास टक्के कर लावला, त्यातले पंचवीस टक्के रशियाचं तेल घेतलं म्हणून. निर्यातीची कोळंबीही त्यात सापडली. होडीवाल्यांची पोरं हे चटकन समजतील.

रागाने लिहिलं, मनात ठेवू नकोस. तू मुलांसाठी रात्र रात्र जागून तयारी करतेस, हे मामाला ठाऊक आहे. तुझी आई, आमची आक्का, हीही असंच करायची.

उद्या शाळेत गेलीस की आधी त्या पोराला जवळ बसव. आणि सुट्टी पडली की सगळ्या वर्गाला पत्रादेवीच्या हुतात्मा स्मारकाला घेऊन जा. मामाचा गुडघा कुरकुरतो, पण गाडीत एक जागा ठेव. येताना डब्यात सोलकढी आणि घावणे मामी देईल, त्या पोराला पुरतील एवढे.

तुझा,
मामा