झोळीत टाकलेले व्यसन



जंगमाने झोळी पसरावी आणि भक्ताने तीत धान्य घालावे, ही जुनी रीत. इलकल (जि. बागलकोट) येथील श्री विजय महांतेश मठाचे डॉ. महांत स्वामीजी यांनी १९७५ मध्ये या रीतीला नवा अर्थ दिला. दारोदारी जाऊन ते व्यसनाचीच भिक्षा मागू लागले. दारू, विडी, तंबाखू, जे असेल ते झोळीत टाका आणि मोकळे व्हा, असे त्यांचे मागणे असे. ‘महांत जोळिगे’ या नावाने ही चळवळ गावोगावी पोचली. स्वामीजी २०१८ मध्ये लिंगैक्य झाले.

या झोळीत माणूस आपला संकल्प टाकतो. शरीराला जडलेले व्यसन मात्र त्याच क्षणी सुटतेच असे नाही. हा भेद नीट समजून घेतला पाहिजे.

व्यसन कशाला म्हणावे? घेतल्यावाचून राहवत नाही, मात्रा वाढत जाते, न मिळाल्यास जीव कासावीस होतो, आणि नुकसान डोळ्यांना दिसत असूनही हात आवरत नाही. ही त्याची लक्षणे. मेंदूत सुखाची जाणीव देणारी जी व्यवस्था आहे तिच्यावर मादक पदार्थाचा परिणाम होतो. रोजच्या सेवनाने मेंदू त्या पदार्थाशी जुळवून घेतो, मग त्याच्यावाचून त्याचे चालत नाही. आनुवंशिकता, मनातील दुःख, संगत आणि पदार्थाची सुलभता ही याची कारणे. म्हणून व्यसनाधीन मनुष्याला पापी न मानता आजारी मानावे.

परिणाम सर्वांना ठाऊक आहेत. मद्याने यकृत खराब होते, तंबाखू-गुटख्याने तोंडाचा कर्करोग होतो, आणि कायकाची मिळकत घरी पोचण्यापूर्वीच संपते.

आता उपचार. अनेक वर्षे रोज भरपूर पिणार्‍याने शपथ घेऊन एकदम दारू तोडली, तर काही तासांतच हात कापू लागतात. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात; दुसर्‍या-तिसर्‍या दिवशी भ्रम होऊन प्राणावरही बेतते. अशा मनुष्याने शपथ अवश्य घ्यावी, परंतु दारू डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी. औषधे व ‘ब१’ जीवनसत्त्व देऊन हे दिवस सुखरूप पार पाडता येतात.

चहात किंवा भाजीत चोरून औषध कालवू नये. डायसल्फिरामसारखी गोळी पोटात असताना दारू प्यायल्यास रक्तदाब एकाएकी घसरून जीव जाऊ शकतो. ती रुग्णाच्या संमतीने, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यावी.

औषधांनंतर समुपदेशन व सत्संग हवा. पुण्याचे ‘मुक्तांगण’ १९८६ पासून हे कार्य करीत आहे. सीमाभागातील भक्तांना धारवाडची मानसिक आरोग्य संस्था जवळ आहे. १४४४६ या राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांकावरही मार्गदर्शन मिळते.

शेवटची गोष्ट घरच्यांसाठी. सोडलेले व्यसन पुन्हा लागणे हा या आजारात नेहमी येणारा अनुभव आहे. तेव्हा “शपथ मोडलीस” म्हणून त्याला उंबर्‍याबाहेर काढू नका. त्याला पुन्हा डॉक्टरांकडे न्या, पुन्हा मठात आणा. झोळी एकदाच पसरायची असते, असा नियम कोठेही नाही.

शरणु शरणार्थी.