दर कशाचा विचारायचा? उमरेडला घर-शेड बांधणाऱ्यांसाठी साहित्याचा हिशोब

बांधकाम काढायचं ठरलं की प्रश्न ठरलेले असतात. वीट कशी? लोखंड काय भाव? टिन काय फूट? मिळालेले दर वहीत लिहून आपण कमीत कमी आकड्यावर खूण करतो, आणि पुष्कळदा तिथेच पैसे जातात. कारण वीट नगावर मिळते, पण आपल्याला हवी असते भिंत. रेती ब्रासवर मिळते, पण त्या ब्रासमध्ये हवाही असते. टिन फुटावर मिळतं, पण आपण त्याच्याखाली पावसाळे काढणार असतो.

दुकानदाराच्या मापातला दर आपल्या कामाच्या मापात आणायचा, हेच साहित्य निवडीचं मर्म आहे. केंब्रिज विद्यापीठातले मायकेल अ‍ॅशबी यांनी १९९२ साली यंत्ररचनेतल्या साहित्य निवडीवर पुस्तक लिहिलं. त्यांची रीत आपल्या घरालाही लागू पडते. चार प्रश्न विचारायचे: या वस्तूचं काम काय? कोणती अट मोडून चालणार नाही? कमी काय करायचं आहे: पैसा, वजन की उष्णता? आणि बदलायला मोकळीक कशात आहे?

एक सूचना आधीच. दर रोज हलतात, म्हणून खालच्या गणितांतले दर केवळ उदाहरणाचे आहेत. त्यांच्या जागी आजचा दर घाला. रीत तीच राहील.

पाया: इथे काटकसर नको

काळी भारी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. तिच्यावर टेकवलेली भिंत वर्षाकाठी एकदा खाली-वर होते आणि मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर जाते. हलकं साहित्य वापरलं की पाया उथळ चालेल, हा समज चुकीचा आहे. फुगणारी माती हलकी भिंत उलट सहज उचलते. पाया काळी माती ओलांडून मुरमापर्यंत किंवा कठीण थरापर्यंत न्या. थर फार खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइलचा, म्हणजे तळाशी फुगीर अशा काँक्रीटच्या खोल खांबांचा, विचार अभियंत्याकडून करून घ्या. त्यासाठी आयएस २९११ चा तिसरा भाग आहे. काम सुरू करण्याआधी प्लॉटच्या दोन-तीन कोपऱ्यांत खड्डे घेऊन माती बघा. त्या मजुरीइतका उपयोगी खर्च पुढे क्वचितच होईल.

वीट: नगाचा नव्हे, भिंतीचा दर

विटेची लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये मोजा. प्रत्येक मापात मसाल्याचा १ सेंटीमीटर मिळवा, तिन्ही मापं गुणा आणि १० लाखांना त्या गुणाकाराने भागा. एका घनमीटर भिंतीला किती विटा लागतील ते कळतं.

२३ × ११ × ७ ची वीट: २४ × १२ × ८ म्हणजे २,३०४. विटा ४३४. दर ८ रुपये धरला तर ३,४७२ रुपये.

२३ × १०.५ × ६.५ ची वीट: २४ × ११.५ × ७.५ म्हणजे २,०७०. विटा ४८३. दर ७.५० रुपये धरला तरी ३,६२३ रुपये.

रुंदी आणि उंची अर्धा-अर्धा सेंटीमीटरच कमी, पण ‘स्वस्त’ वीट घनमीटरमागे सुमारे १५० रुपयांनी महाग पडली. दहा बाय बाराच्या एका खोलीच्या नऊ इंची भिंतींना दारं-खिडक्या वगळून ८ घनमीटर धरले तर १,२०० रुपये तिथेच गेले. शिवाय सांधे वाढले म्हणून मसाला आणि मिस्त्रीचा वेळ वाढला, तो वेगळाच.

आता दर्जा. भिवापूर-उमरेड पट्ट्यात मिरची वाळवतो तशा तीन-चार विटा चांगल्या उन्हात काही दिवस खडखडीत वाळवा. वजन करा, चोवीस तास पाण्यात ठेवा, पुसून पुन्हा वजन करा. सर्वसाधारण भाजलेल्या विटेने आपल्या वजनाच्या २० टक्क्यांहून जास्त पाणी पिऊ नये. ३ किलोची वीट ३ किलो ६०० ग्रॅमच्या आत राहिली पाहिजे.

राखेच्या विटांनाही हीच परीक्षा लावा. कोराडी आणि खापरखेडा ही औष्णिक वीज केंद्रं आपल्याच जिल्ह्यात असल्याने राख दुरून आणावी लागत नाही. चांगल्या कारखान्याची राखेची वीट मापाला सारखी असते, त्यामुळे प्लास्टर पातळ बसतं. तिला भट्टी नसते, ताकद येते ती पाण्यावर. म्हणून ‘किती दिवस पाणी मारलं?’ हे विचारल्याशिवाय गाडी भरू नका.

एएसी ब्लॉकचा, म्हणजे हवेच्या बुडबुड्यांनी हलक्या केलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्याचा, फायदा वजनात आहे. दहा बाय दहा फुटांची नऊ इंची विटांची भिंत सुमारे ४ टन भरते. आठ इंची एएसीची, प्लास्टर न धरता, सव्वा टनाच्या आसपास. कॉलम-बीमच्या दुमजली घरात हे वजन लोखंडात वाचतं. भिंतींवरच स्लॅब टेकणाऱ्या साध्या घरात मात्र अभियंत्याने लिहून दिल्याशिवाय एएसी वापरू नका.

रेती: ब्रासमधली हवा

एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. पण दमट रेती फुगते, कारण कणांभोवतीची ओल त्यांना एकमेकांपासून दूर ठेवते. सरळ बाजूंच्या डब्यात रेती २० सेंटीमीटर भरा, ती बुडेल एवढं पाणी ओता आणि ढवळून बसू द्या. पातळी १६ वर आली तर फुगवटा २५ टक्के. म्हणजे गाडीत खरी रेती ८० घनफूटच आहे. ६,००० रुपयांची ब्रास प्रत्यक्षात ७,५०० रुपयांना पडली. हा हिशोब गाडी रिकामी होण्याआधी करा.

गाळासाठी काचेचा उभा ग्लास अर्धा रेतीने भरा, मीठ टाकलेलं पाणी घाला, हलवा आणि तीन तास ठेवा. वर बसलेला गाळाचा थर रेतीच्या उंचीच्या ८ टक्क्यांहून जाड असेल तर ती रेती धुतल्याशिवाय वापरू नका. नदीच्या रेतीला पर्याय आहेत. दगडाची क्रश सँड मिळते. वेस्टर्न कोलफील्ड्सने जिल्ह्यातल्या भानेगाव आणि गोंडेगाव इथे खाणीच्या वरच्या मातीतूनही रेती काढली आहे. नाव कोणतंही असो, परीक्षा याच.

लोखंड: किलो मोजा, पाइप उभा ठेवा

सळाखेचं मीटरला वजन काढायचं सूत्र सोपं आहे: मिलिमीटरमधल्या जाडीचा वर्ग भागिले १६२. १२ मिलिमीटरला ०.८८९ किलो. १२ मीटरची अख्खी सळाख १० किलो ६६० ग्रॅमच्या आसपास भरली पाहिजे. आयएस १७८६ नुसार या जाडीच्या एकट्या सळाखेत ६ टक्क्यांपर्यंत घट चालते, म्हणजे साधारण १० किलोपर्यंत. साडेनऊ किलो भरली तर परत करा. वजनावर घेतली तर पैसे बुडत नाहीत, पण स्लॅबमधलं लोखंड कमी होतंच.

फे ५०० आणि फे ५०० डी यांत ‘डी’ला थोडे जास्त पैसे देणं योग्य. साध्या फे ५०० ने तुटण्याआधी किमान १२ टक्के लांबलं पाहिजे, ‘डी’ने १६ टक्के. संकटात अशी सळाख आधी वाकते, इशारा देते.

मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा. जास्त ग्रेड घेतली म्हणून झोळ थांबत नाही. फे ४१५ असो वा फे ५५०, वाकण्याला विरोध करण्याचा पोलादाचा गुण जवळपास सारखाच असतो. झोळ थांबवते ती खोली. शेडच्या आडव्या पाइपात हे स्पष्ट दिसतं. ६० × ४० चा, २ मिलिमीटर जाडीचा पाइप आडवा टाकण्याऐवजी ६० ची बाजू उभी येईल असा ठेवला तर त्याचा ताठरपणा जवळपास दुप्पट, १.९ पट होतो. वजन तेच, बिल तेच. वेल्डरला हे काम सुरू होण्याआधी सांगा.

टिन: वर्षाचा दर

गॅल्व्हनाइज्ड टिन टिकतं जस्ताच्या थरावर. हा थर चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून ग्रॅममध्ये सांगतात. १२० ग्रॅम म्हणजे एका बाजूला सुमारे ८ मायक्रॉन, २७५ ग्रॅम म्हणजे सुमारे १९. वर्षाला एक मायक्रॉन झिजतो असं धरा. पहिलं टिन ३४० रुपये चौरस मीटर असेल तर वर्षाला साडेबेचाळीस रुपये पडतात. दुसरं ४०० ला घेतलं तर २१. वर आठ वर्षांनी टिन बदलण्याची मजुरी वाचली. गोठ्यात शेण-मुताची वाफ जस्त लवकर खाते, तिथे तर जाड थरच घ्या. दुकानात आधी ‘जस्त किती ग्रॅम?’ विचारा आणि ते बिलावर लिहून मागा.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. म्हणून माणसं किंवा जनावरं राहणार असतील तर गडद निळं-लाल टिन टाळा. पांढरं किंवा फिकं घ्या, आणि वरच्या बाजूने गरम हवा जायला जागा ठेवा. जुने अ‍ॅस्बेस्टॉसचे सिमेंट पत्रे असतील तर ते कोरडे कापू नका, भोकं पाडू नका, फोडू नका. ती धूळ कर्करोगाला कारण होते. नवे सिमेंट पत्रे घेताना अ‍ॅस्बेस्टॉसविरहित मागा.

सिमेंट: पोत्यापेक्षा पाणी महत्त्वाचं

२२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे. कराआधी ३०० रुपयांचं पोतं ३८४ ऐवजी ३५४ ला पडतं, म्हणून कोटेशनमधला कराचा आकडा वाचा. पोत्यावर छापलेला उत्पादनाचा आठवडा बघा. तीन महिन्यांहून जुनं पोतं तपासणीशिवाय घेऊ नका.

घरासाठी राखमिश्रित पीपीसी चांगलं. पण आयएस ४५६ नुसार अशा सिमेंटला आणि उष्ण-कोरड्या हवेत किमान १० दिवस ओलावा हवा. १४ दिवस ठेवला तर उत्तम. स्लॅबवर पाळी घालून पाणी साठवा, कॉलमला ओलं बारदान गुंडाळा. महाग सिमेंटला चौथ्या दिवशी तहानलेलं ठेवलं तर त्यासाठी मोजलेले पैसे उन्हात उडून जातात.

बिल आणि तक्रार

पक्कं बिल घ्या. त्यावर कंपनी, ग्रेड, जाडी, वजन आणि सळाख-सिमेंटचा आयएसआय परवाना क्रमांक असू द्या. हा क्रमांक ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर तपासता येतो. माल खोटा निघाला तर नमुना आणि फोटो जपून ठेवा, आधी विक्रेत्याला लेखी कळवा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा. तिथे दाद मिळाली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तिथे दोन वर्षांच्या आत जावं लागतं आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही.

बाजारात जाताना

मोजपट्टी, लहान ताणकाटा, काचेचा ग्लास आणि वही बरोबर घ्या. वहीत प्रत्येक वस्तूपुढे दोन रकाने आखा: दुकानाचा दर आणि आपल्या कामाचा दर. विटेपुढे घनमीटर भिंत, रेतीपुढे बसलेले घनफूट, सळाखेपुढे किलो, टिनापुढे वर्ष. भाव करायचा तो दुसरा रकाना भरल्यावरच.