हाडं नसलेल्या माशांची गोष्ट

वाङ्मय मंडळाच्या अंकात शार्कवर लेख कशाला, असं कोणी विचारण्याआधीच सांगते. मी प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी, घर देवास जिल्ह्यातल्या सोनकच्छचं. समुद्र तिथून शेकडो किलोमीटर दूर. पण धार जिल्ह्यात, बाग आणि मनावरच्या परिसरातल्या खडकांत शार्कचे दात सापडतात. ते तिथे कसे आले हे शोधायला गेलं की या माशांची सगळी गोष्टच समोर येते.

माळव्याच्या कडेचा समुद्र

साधारण 10 ते 9 कोटी वर्षांपूर्वी पश्चिमेकडून समुद्राचा एक फाटा आजच्या नर्मदा खोऱ्यात शिरला होता. त्याच्या तळाशी साचलेले वाळूचे आणि चुन्याचे थर भूशास्त्रात 'बाग थर' म्हणून ओळखले जातात. त्यांत शंख-शिंपले, कालवं आणि शार्कचे दात मिळतात. पुढे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हा पसरला आणि बराचसा प्रदेश त्याखाली गेला. आमच्याकडची काळी माती ही त्याच लाव्हाच्या खडकाची.

पण दातच का मिळतात? अख्खा सांगाडा का नाही? कारण शार्कला हाडं नसतात. त्याचा सांगाडा कूर्चेचा असतो. आपल्या नाकाचा शेंडा आणि कानाचा वरचा भाग चाचपून पाहा, तीच कूर्चा. मासा मेला की ती बहुधा कुजून जाते, टणक दात तेवढे उरतात. शिवाय शार्कच्या जबड्यात दातांच्या रांगांमागे रांगा असतात. पुढचा पडला की मागचा पुढे सरकतो. एक शार्क आयुष्यात हजारो दात टाकतो.

असे दगडी दात युरोपातही सापडत. लोक त्यांना सापांच्या दगड झालेल्या जिभा समजत. 1666 मध्ये फ्लॉरेन्सला निकोलस स्टेनो याने एका मोठ्या शार्कच्या डोक्याचं विच्छेदन केलं, आणि या 'जिभा' म्हणजे शार्कचेच दात आहेत हे दाखवून दिलं. थरांवर थर साचून खडक कसे बनतात, हा त्याचा पुढचा विचार इथूनच वाढला. हाच स्टेनो पुढे बिशप झाला.

कूर्चा म्हणजे मागासलेपण नव्हे

कूर्चा ही जुनी, कच्ची रचना आणि हाड ही सुधारलेली, असं बरीच वर्षं शिकवलं जायचं. 2020 मध्ये मंगोलियातल्या सुमारे 41 कोटी वर्षं जुन्या मिन्जिनिया या माशाचं वर्णन प्रसिद्ध झालं. त्याच्या कवटीत आतून हाड होतं, आणि तो शार्कच्या पूर्वजांचा जवळचा नातेवाईक. म्हणजे शार्कच्या पूर्वजांकडे बहुधा हाड होतं आणि या कुळाने ते सोडून दिलं! कूर्चा हाडापेक्षा हलकी. माशाला तरंगायला मदत करणारी हवेची पिशवी शार्कला नसते. हलका सांगाडा आणि तेलाने भरलेलं मोठं यकृत यांवर त्याचं भागतं.

बाकीची रचनाही नवलाची आहे. कातडीवरचे खवले दातांसारखेच घडलेले असतात. शेपटीकडून डोक्याकडे हात फिरवला तर पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागतं. कल्ल्यांवर झाकण नसतं, बहुतेकांना पाच उघड्या फटी असतात. तोंडाभोवती बारीक छिद्रं असतात, त्यांतून दुसऱ्या जिवाच्या स्नायूंची वीज कळते. वाळूत लपलेला मासाही त्यामुळे सापडतो.

या कुळात साधारण 1200 जाती आहेत. 500 हून अधिक शार्क, त्याहून जास्त पाकटं आणि खोल पाण्यातले थोडे कायमेरा. हाताच्या पंजात मावेल असा शार्क आहे, आणि 18 मीटरपर्यंत वाढणारा, पण बारीकसारीक प्लवकांवर जगणारा व्हेल शार्कही आहे. व्हेल म्हणजे आपला देवमासा, तो सस्तन. व्हेल शार्क मात्र खराखुरा मासा. उलट करवत मासा शार्कसारखा दिसतो, पण तो पाकटांच्या गटातला.

टिकलेलं कुळ अडचणीत

झाडं पृथ्वीवर येण्याआधी हे कुळ होतं. पाच महासंहार त्याने पचवले, डायनासोर गेले त्यातूनही ते वाचलं. आज मात्र त्यातल्या एक तृतीयांशाहून जास्त जाती धोक्यात आहेत, असं 2021 च्या जागतिक पाहणीत दिसलं. मुख्य कारण अतिमासेमारी. बहुतेक शार्क उशिरा वयात येतात आणि पिल्लं मोजकीच होतात. ग्रीनलंड शार्कच्या मादीला वयात यायला सुमारे दीडशे वर्षं लागतात असा अंदाज आहे. अशा जिवाची भरपाई जाळ्याच्या वेगाने होत नाही.

आमचाही याच्याशी संबंध आहे. सोनकच्छची काली सिंध चंबळेला मिळते, चंबळ यमुनेला, यमुना गंगेला. त्या गंगेच्या खालच्या भागातला गंगा शार्क आज नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहे. जिल्ह्याच्या दक्षिणेला नेमावरवरून वाहणारी नर्मदा खंभातच्या आखाताला मिळते, तिकडे सौराष्ट्राच्या किनाऱ्याला व्हेल शार्क येतात. 2001 मध्ये भारताने व्हेल शार्क, गंगा शार्क, करवत मासा अशा काही जातींना कायद्याचं संरक्षण दिलं. 2015 मध्ये शार्कच्या परांच्या निर्यातीवर बंदी आली.

पण कायद्यापेक्षा मला एक शब्द महत्त्वाचा वाटतो. पिंपं बांधून शिकार व्हायची म्हणून गुजरातचे मच्छीमार व्हेल शार्कला 'बॅरल' म्हणत. 2004 मध्ये तिथे मोहीम सुरू झाली. मोरारी बापूंनी त्याला बाळंतपणासाठी माहेरी येणाऱ्या लेकीची उपमा दिली आणि नाव पडलं 'व्हाली', म्हणजे लाडकी. तेव्हापासून मच्छीमारांनी आपली जाळी कापून शेकडो व्हेल शार्क सोडले आहेत. फाटलेल्या जाळ्यांची भरपाई मिळते हेही खरंच, तरी लोकांचं मन वळवलं ते त्या नावाने.

आपल्या मराठीतही मुशी, मोरी, पाकट अशी नावं आहेत, पण ती बाजारापुरती उरली आहेत. सिनेमातला शार्क तेवढा सगळ्यांच्या तोंडी. मंडळाच्या सभासदांना म्हणून एक विनंती: मासळी बाजारात गेलात तर कोळणीला यांची नावं विचारा, लिहून ठेवा. आणि मुशीची, पाकटाची अगदी लहान पिल्लं दिसली तर ती घेऊ नका. त्यांना अजून वयात यायचं असतं.